सरकव आईकडे

आईला तिथे जाऊन एकच गोष्ट खायची होती. एकच. झाकणवाली वाटी.

हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर पुढचं ऐकून कुणीतरी म्हणणारच, काय बाई, एवढ्याशा वाटीसाठी एवढा तमाशा! हो, एवढ्याशा वाटीसाठी. तमाशा मीच केला आणि परत वेळ आली तर परत करीन.

आई हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. सगळी नोकरी त्या वाफेत गेली. सुटल्यावर ती बाहेरच्या स्टॉपवर बसची वाट बघत उभी राहायची आणि स्टॉपच्या बरोबर समोर ते जपानी हॉटेल. स्वस्तातलं, एकदा पैसे भरा आणि हवं तितकं खा, तसलं. त्याच्या काचेत मेणाचे पदार्थ मांडून ठेवलेत. मेणाची सुशी, मेणाची तळलेली कोळंबी, मेणाच्या नूडल्स. आणि कोपऱ्यात एक उभट वाटी, निळ्या फुलांची, झाकण बाजूला कललेलं, आत पिवळंधमक काहीतरी, वर एक कोळंबी आणि एक हिरवं पान. आई रोज ती वाटी बघायची. बस चुकली तर जास्त वेळ बघायची.

"अंडंच असणार ते," घरी येऊन सांगायची. "वाफेवर केलेलं. पण मला एक कळत नाही, वाफेवर ठेवलं तर झाकणाला पाणी सुटणारच. मग ते टपकत कसं नाही? वरून कसलं गुळगुळीत दिसतं गं!"

जन्मभर वाफेशी भांडलेली बाई. तिला दुसरं काय सुचणार?

"मग जाऊन खा ना एकदा," मी म्हणायची.

"एकटी? वेडी का काय तू."

तर ती निवृत्त झाली आणि दादाला कधी नव्हे ती बुद्धी सुचली. त्यानं विचारलं, "आई, काय पाहिजे तुला? माग." आई म्हणाली, "त्या समोरच्या हॉटेलात जाऊ या सगळे." दादाचा चेहरा असा काही खुलला! स्वस्तात सुटला ना. घड्याळ नाही, अंगठी नाही, प्रवास नाही. मला फोन करून म्हणाला, "हॉर्न, रविवारी दुपारी मोकळी राहा." मला तो हॉर्नच म्हणतो. मी गाडी शिकवते, आणि माझा आवाज जरा चढा आहे. शिकणारा समोरच्या टपरीत गाडी घालायला निघाला की त्याला काय गोड आवाजात सांगायचं?

आता आमच्या घरची पद्धत सांगते, म्हणजे माझ्या डोक्यात तिडीक का गेली ते कळेल.

आमच्या घरात अन्न वाया जात नाही. सगळे अभिमानानं सांगतात हे. वाया जात नाही म्हणजे काय होतं, तर ते आईच्या पोटात जातं. आई सगळ्यांच्या शेवटी बसते आणि स्वतःला वाढून घेतच नाही. आधी आमचं उरलेलं. पोरांनी चावून ठेवलेलं, करपलेलं, कालचं, परवाचं. कुणाचा हात थांबला की घरात एकच वाक्य येतं, "सरकव आईकडे." बाबांपासूनचं आहे हे. बाबा गेले, वाक्य राहिलं. वहिनी लग्न होऊन आली आणि आठवड्याभरात तिच्याही तोंडात बसलं. पोरं तर नीट बोलायच्या आधी ताटली ढकलायला शिकली. दादा पाहुण्यांना सांगतो, "आमच्याकडे आई आहे, म्हणून छोटा फ्रीज चालतो." पाहुणे हसतात. वहिनी हसते. आईसुद्धा हसते. ती हसली की माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो.

किती वेळा सांगितलं असेल तिला, "आई, टाकून दे. तू काय कचऱ्याचा डबा आहेस?" तर म्हणते, "अन्न टाकवत नाही गं." झालं! मी ड्रायव्हिंग स्कूलच्या वरच्या खोलीत एकटी राहते, कधीमधी घरी जाते. पण गेले की माझं ताट मी चाटूनपुसून खाते. मी कधी आईकडे काही सरकवत नाही. तेवढा एक माज मी बाळगून होते.

रविवारी आई ठेवणीतले कपडे घालून, केसांना पाणी लावून माझ्या आधी हॉटेलच्या दारात हजर. काचेसमोर उभी. "हीच बघ," म्हणाली आणि बोटानं मला वाटी दाखवली, जणू मला माहीतच नव्हती. तिच्या हातांवर इस्त्रीच्या जुन्या भाजल्याचे डाग आहेत, ते त्या काचेच्या उजेडात अगदी स्पष्ट दिसत होते. मी म्हटलं, "आज एक नाही, दोन खा."

आतमध्ये लाकडी बाकांची टेबलं होती. तीन बाजूंना बाक, त्यातला मधला भिंतीला लागून. दादानं आईला थेट भिंतीकडे घातलं. "तू आत बस, तुला सारखं उठावं लागणार नाही." तिच्या एका बाजूला दोन्ही पोरं, भाचा आणि भाची, दुसऱ्या बाजूला वहिनी न् दादा. मी आईच्या समोर, मोकळ्या बाजूला, खुर्चीवर. म्हणजे आईला बाहेर पडायचं तर अख्खी वरात उठवावी लागणार. माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. गाडी लावताना बाहेर कशी काढायची ते आधी बघा म्हणून रोज घसा फोडते मी.

टेबल सांभाळणारी मुलगी आली आणि तिनं पाठ केलेलं म्हणून दाखवलं. दीड तास. हवं ते घ्या, हवं तितक्या वेळा घ्या. ताटात उरलं तर वजन करून दंड.

"ती झाकणवाली वाटी असते ना?" आईनं विचारलं. पहिलाच प्रश्न.

मुलगी हसली. "असते काकू. ती ताजी करतात. तयार झाली की घंटा वाजते, ढकलगाडीवरून बाहेर येते. माणशी एक. पण स्वतः जाऊन घ्यायची हां, दुसऱ्याच्या नावानं देत नाहीत. लोक डबल डबल नेतात."

आईनं मान डोलावली. एखादी महत्त्वाची सूचना ऐकावी तशी.

आता मला सांगा, उरलं तर दंड असं ऐकल्यावर चार शहाणी माणसं काय करतात? कमी घेतात. थोडं घेतात, चाखतात, आवडलं तर परत जातात. आमच्या दादानं काय केलं? टेबलावरच्या दंडाच्या पाटीवर टिचकी मारली आणि म्हणाला, "आपल्याला कसलं टेन्शन? आई आहे ना. घ्या बिनधास्त!"

आणि घेतलं! बाप रे, काय घेतलं! वहिनीनं सुशीचा असा काही किल्ला रचून आणला की मला वाटलं लग्नाची पंगत बसवायचीय. दादानं तळलेलं सगळं उचललं, भोपळा, वांगं, कोळंबी, मासा, जे तेलात पडलं होतं ते सगळं. पोरांनी प्रत्येक भांड्यातला एकेक चमचा एकाच ताटलीत घातला आणि वरून गोड सॉस ओतला. भाच्यानं ती हिरवी वसाबी हावऱ्यासारखी चमचाभर तोंडात टाकली आणि नाक धरून असा नाचला की शेजारच्या टेबलावरची माणसं हसली. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू. मी तीळ घातलेल्या थंड नूडल्स घेतल्या होत्या. बऱ्या होत्या.

आईसमोर रिकामी ताटली. तिला कुणी काही आणलंच नव्हतं, आणि आत भिंतीला टेकलेली, ती कुठून आणणार? "तुला काय आणू?" मी विचारलं. "थांब गं," ती म्हणाली, "आधी ती वाटी. पोट रिकामं ठेवलंय मी." सकाळी चहा सोडून काही घेतलं नव्हतं म्हणे.

तेवढ्यात दादाचा हात थांबला. "हा भोपळा काय जमला नाही बुवा." आणि सवयीनं ताटली सरकली. मग वहिनीच्या सुशीतला भात तेवढा सरकला, मासा खाऊन झाला होता ना. भाचीचा अर्धा चावलेला गोळा सरकला. आईनं खायला सुरुवात केली.

"आई!" मी म्हटलं.

"थोडंसंच आहे. दंड कशाला."

"हॉर्न, आज तरी वाजू नकोस," दादा म्हणाला. मी तोंडात नूडल्स कोंबल्या. तिचा दिवस होता, म्हणून कोंबल्या.

भाचीला हात धुवायला घेऊन गेले आणि नेमकी तेव्हाच घंटा वाजली. आतून ऐकली मी. भाचीचे साबणाचे हात तसेच पुसले आणि लगबगीनं परत आले. बघते तर आई जागच्या जागी, अर्धवट उठलेली, एक हात टेबलावर. वहिनी तिला म्हणत होती, "आई, तुम्ही कुठे त्या गर्दीत धक्के खाता? बसा. आणलीय ह्यांनी."

टेबलावर दोन वाट्या होत्या. निळ्या फुलांच्या. दादा न् वहिनी रांगेत उभे राहिले होते, माणशी एक घेतली होती आणि दोन्ही वाट्या पोरांसमोर ठेवल्या होत्या.

"आईची?" मी विचारलं.

"अगं पोरगा हटून बसला ना," दादा म्हणाला. "मग हिलाही नको का? आणि स्वतः यावं लागतं म्हणतात, मग तिची कशी आणणार?"

"मग तिला उठू द्यायचं होतंस!"

"परत वाजेल की घंटा. एवढं काय?"

आई म्हणाली, "खाऊ दे पोरांना." पण ती बघत होती. भाच्यानं झाकण उचललं आणि बाजूला भिरकावलं. आईची नजर झाकणाच्या मागे गेली. तिला आतली बाजू बघायची होती, पाणी सुटलंय का ते. झाकण उपडं पडलं, नॅपकिनांच्या ढिगात. भाच्यानं कोळंबी उपटून खाल्ली, पिवळ्या भागात चमचा खुपसला, एक घास घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. "शी! गिळगिळीत आहे." मग उरलेली वसाबी आपल्या न् बहिणीच्या वाटीत कालवली, गंमत म्हणून. भाचीनं वास घेतला न् नाकाला हात लावला.

आणि दादा म्हणाला, अगदी खुशीत, मोठं बक्षीस द्यावं तसं म्हणाला, "सरकव आजीकडे! घे आई, मिळाली की नाही तुला तुझी झाकणवाली वाटी? एक सोडून दोन!"

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं. आईसमोर ती वाटी आली. उकरलेली, हिरवट झालेली, कोळंबीची शेपटी वर चिकटलेली. आईनं एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा दादाकडे. मग चमचा उचलला.

"खाऊ नकोस," मी म्हणाले.

"चव तर कळेल गं."

"आई, चमचा खाली ठेव! ही ती वाटी नाही!"

शेजारची माणसं वळून बघायला लागली. वहिनी कुजबुजली, "हळू बोल ना, लोक बघतायत." बघू देत! रोज लोक बघतात मला. चौकात गाडी बंद पडते, मागून शंभर जण भोंगे वाजवतात, मी बसलेली असते आत. लोकांचं काय घेऊन बसलीस?

"दादा," मी म्हटलं, "बाईनं एक गोष्ट मागितली. अख्ख्या जन्मात एक. तीसुद्धा तू तिला उष्टी करून देतोस?"

"उष्टी काय उष्टी! नातवाचीच आहे ना? तिला चालतं. तिला आवडतं. आई, सांग हिला."

आईनं मधेच मान खाली घातली आणि त्या हिरव्या वाटीतला एक घास खाल्ला. डोळ्यांतून पाणी आलं तिच्या. वसाबीनं आलं, असं ती म्हणाली.

घंटा परत वाजली. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, आमची वेळ संपत आली होती. म्हणजे ही शेवटची. "ऊठ आई," मी म्हटलं. "उठा सगळे, तिला बाहेर येऊ द्या."

कुणी हललं नाही. वहिनीच्या पुढ्यात ताटल्यांची चळत होती आणि प्रत्येकीत काहीतरी उरलेलं. "अगं आधी हे संपायला हवं. ती मुलगी वजन करायला येईल आता. आई वाटीच्या मागे गेल्या तर हे कोण संपवणार?"

कोण संपवणार! असं अगदी सरळ चेहऱ्यानं विचारलं बाईनं. म्हणजे ज्यांनी घेतलं त्यांच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही की आपल्यालाही तोंड आहे.

"मी आणते," मी म्हणाले. पुढ्यातली प्लेट लोटली आणि उठले.

गाडीभोवती रांग होती. रांगेत उभी राहिले, कुणाला ढकललं नाही, हे नमूद करा. माझी पाळी आली. वाट्या देणारा टोपीवाला म्हणाला, "तुमची एक." मी म्हटलं, "माझी नको, माझ्या आईची द्या." तो म्हणाला, "त्यांना यावं लागेल." मी म्हटलं, "मग माझीच द्या, मी खात नाही, तिला देते." ते मात्र चाललं असतं. तेवढ्यात मागच्या धिप्पाड माणसानं हात लांब करून गाडीवरची शेवटची वाटी उचलली आणि चालायला लागला.

"अहो!" मी ओरडले. "रांग आहे!"

"तुमचं ठरत नव्हतं," तो म्हणाला आणि गेला. टोपीवाल्यानं खांदे उडवले. "संपल्या मॅडम."

बोंबला! मग मी मॅनेजरला बोलावलं. कानात ते इअरफोनचं बोंडूक घातलेला, सारखा मान हलवणारा माणूस. "मॅडम, आवाज जरा खाली." मी म्हटलं, "हाच खाली आहे. वरचा ऐकायचाय?" त्याला सगळं सांगितलं. स्टॉप सांगितला, धुलाईघर सांगितलं, त्याच्याच काचेतली मेणाची वाटी सांगितली. "तुमची वाटी बघून त्या बाईनं कितीतरी बस सोडल्या असतील, आणि तुम्ही मला नियम सांगता?" त्याच्या मागे मुदपाकखान्याचं झुलतं दार होतं. मी त्या दारात जाऊन उभी राहिले. वेटरांना आतबाहेर करता येईना. "मिळाल्याशिवाय हलणार नाही," म्हटलं. "बोलवा कुणाला बोलवायचं ते."

शेवटी आतून कुणीतरी म्हणालं, "द्या हो त्या बाईला एक, कटकट नको." आणि थोड्या वेळानं एक वाटी आली. झाकण लावलेली. बशीत ठेवलेली. इतकी गरम की बशीतूनसुद्धा बोटं भाजत होती. मी ती दोन्ही हातांत धरून निघाले. ज्या चालीनं चालले, त्या चालीनं शिकणाऱ्यांनी गाडी चालवली तर माझा घसा तरी वाचेल. एक थेंब हलू दिला नाही.

टेबलाशी आले. टेबल लखलखीत. सगळ्या ताटल्या रिकाम्या, एकावर एक रचलेल्या. त्या हिरव्या वाट्यासुद्धा. आई भिंतीला टेकलेली, एक हात पोटावर, तोंडाला घाम.

"वाचलो!" दादा म्हणाला. "थोडक्यात वाचलो. ती मुलगी वजनाचा काटा घेऊन निघालीच होती. आईनं काय स्पीड पकडला, मानलं!"

मी वाटी आईसमोर ठेवली. आईनं वाटीकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "आता जागाच नाही गं पोटात."

मग मात्र माझं तोंड सुटलं. काय काय बोलले, सगळं आठवतही नाही. तुम्हाला लाज कशी वाटत नाही, म्हणाले. पोट रिकामं ठेवून आली होती ती, म्हणाले, एका वाटीसाठी, आणि तुम्ही त्यात तुमचा भोपळा भरलात. तिला आवडतं म्हणता, कधी विचारलंत? एकदा तरी गरम वाढून दिलंत? अख्ख्या घरात एकाला तरी माहीत आहे, तिला काय आवडतं ते? वहिनी रडायच्या बेतात आली. दादा लाल झाला. "पुरे," म्हणाला, "मोठी आलीस कैवारी! कधीतरी येणार, भाषण ठोकणार आणि जाणार. रोज कोण असतं तिच्याजवळ?"

"असता ना! म्हणूनच तर ती अशी झालीय! मी निदान माझं उष्टं तिच्या पुढ्यात ढकलत नाही!"

"आत्या," भाची म्हणाली. तिला कुणाची बाजू घ्यायची नव्हती, तिला फक्त खरं सांगायचं होतं. "तू पण ढकललंस. तुझ्या नूडल्स. आजीनं त्या पण संपवल्या."

मी रचलेल्या ताटल्यांकडे बघितलं. सगळ्यात वरची माझी होती. कडेला एक तीळ चिकटलेला. उठताना मी ती पुढे लोटली होती. माझ्यासमोर आई बसली होती. दुसरीकडे कुठे जाणार होती ती?

"कुणी तिला..." मी म्हणायला गेले.

"कुणी नाही," आई म्हणाली. "समोर आली, खाल्ली."

माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. दादाला बोलायची केवढी मोठी संधी होती, पण तो नॅपकिनांचा ढीग नीट करायला लागला. राग गेला म्हणाल, तर नाही गेला. इतका वेळ तो टेबलाच्या पलीकडे जात होता, आता फिरून माझ्यावरच आला.

तेवढ्यात आईनं झाकण उचललं. सावकाश, दोन बोटांनी. वाफ वर आली, तिच्या चेहऱ्यावर गेली, आणि तिनं वाफेला सरावलेल्या माणसासारखे डोळे बारीक केले. आत पिवळं, गुळगुळीत, एक खड्डा नाही. कोळंबी. पान. मग तिनं झाकण उलटं केलं आणि उजेडात धरलं.

"सुटतं की पाणी," ती म्हणाली. "पण झाकण आतून घुमट आहे बघ. थेंब मधे थांबतच नाही. कडेनं उतरतो." आणि ती हसली. पाहुण्यांसमोर हसते तसं नाही. ते हसू मी ह्याआधी बघितलेलं नव्हतं.

मग तिनं चमचा घेतला, कडेनं एक घास काढला आणि तोंडात ठेवला. बराच वेळ ठेवला. "गरम आहे," म्हणाली.

दुसरा घास तिनं घेतला नाही. घेताच येत नव्हता. चमचा खाली ठेवला, पोटावर हात फिरवला. काटा घेऊन ती टेबलवाली मुलगी येऊन उभी राहिली होती. दादाची नजर काट्यावर गेली आणि त्याचा हात आपोआप पुढे आला. "झालं का आई? दे इकडे, मी संपवतो."

आईनं झाकण परत वाटीवर ठेवलं आणि त्यावर आपला तळवा ठेवला.

"हात लावायचा नाही."

दादाचा हात तिथेच राहिला.

"अगं, वाया जाईल. दंड..."

"हे माझं उरलंय," आई म्हणाली. आवाज चढा नव्हता, पण पोरं बाकावर सरळ बसली. "जन्मभर तुमचं उरलेलं मी खाल्लं. माझं कधी उरलंच नाही. आज उरलंय. कुणी खायचं नाही ते. तू नाही, पोरांनी नाही," मग माझ्याकडे बघितलं, "तूसुद्धा नाही."

मी मान हलवली.

ती मुलगी अवघडली. तिनं काटा मागे घेतला. "राहू द्या काकू. एवढ्याशाचं आम्ही काही धरत नाही."

"का नाही धरत?" आई म्हणाली. "नियम आहे ना? उरलं तर वजन करायचं. करा."

"पण काकू, एक वाटी तर..."

"करा म्हटलं ना."

मुलीनं दादाकडे बघितलं. दादानं माझ्याकडे. मी कुणाकडेच बघितलं नाही. आईनं तळवा उचलला आणि स्वतःच्या हातानं ती वाटी टेबलाच्या कडेपर्यंत सरकवली, आमच्या सगळ्यांच्या पुढ्यातून. मुलीनं ती उचलून काट्यावर ठेवली. आई भिंतीचा टेका सोडून पुढे वाकली आणि आकडा बघू लागली.

"भर," ती दादाला म्हणाली.